थोरल्या जावेचा जबाब

त्याला मारलं तेव्हा सकाळ होती, आणि निम्मं गाव दुधाच्या टेम्पोची वाट बघत देवळासमोर उभं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं ठाण्यात मला विचारलं गेलं की धुकं होतं का, गर्दी होती का, बाई तुम्हाला लांबचं नीट दिसतं का. मला लांबचं चांगलं दिसतं. धुकं नव्हतं. ऊन देवळाच्या पायरीपर्यंत आलं होतं.

मारणारा माझा पुतण्या, थोरल्या जावेचा एकुलता एक. मार खाणारा आमच्याच वरच्या आळीतला भातशेतकरी. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत, आणि बाकीच्यांना ती घेऊन काय करायचंय?

विंझरवरून वेल्ह्याकडे जाताना डोंगर जवळ यायला लागतो, तिथं आत वळलं की आमचं गाव. त्या शेतकऱ्याच्या खाचरांच्या वरच डोंगराला पुतण्यानं जेसीबी लावला होता. मुरूम काढायचा, टिपर भरायचे आणि पुण्याच्या लोकांच्या फार्महाऊसकडे धाडायचे. जेसीबी नावाला पुतण्याचा. खरा मालक तालुक्यातला एक पुढारी, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पावसात उकरलेली माती खाली आली आणि नुकतं लावलेलं भात तांबड्या गाळात गडप झालं. शेतकऱ्यानं आधी हात जोडून सांगितलं. मग तहसीलला अर्ज दिला. एक टिपर पकडला गेला, आणि त्याच आठवड्यात पुतण्या टिकावाचा दांडा घेऊन गाडीतून उतरला, सोबत आणखी दोघं.

"अर्ज देतो व्हय रं? कुणाच्या जिवावर?"

पहिला दांडा पाठीत बसला. किटली पडली, दूध फरशीवरून वाहायला लागलं. तो वळतोय तोवर दुसरा गुडघ्यावर. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. तो खाली बसला, म्हणजे बसला कसला, पाय मुडपून कोसळला. पुतण्यानं थांबायला हवं होतं. पण त्यानं पाय लांब करायला लावला, सोबतच्या दोघांपैकी एकानं घोटा धरला, आणि त्याच गुडघ्यावर त्यानं आणखी घाव घातले. माणूस ओरडला नाही. सदऱ्याची बाही चावत राहिला. त्याची बायको धावली तर तिच्या पोटात लाथ बसली. आणि आमची माणसं? आमची माणसं पाय उचलत होती. दुधात चपला भिजू नयेत म्हणून एकेक पाऊल मागं सरकत होती. ते सरकणं मला दांड्यापेक्षाही जास्त आठवतं.

मी पुढं झाले तर नवऱ्यानं दंड धरला. "आत हो. घरचं पोरगं हाय."

"घरचं हाय म्हून तर चाललेय," मी म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

मी गावची पोलीस पाटील. भोरला प्रांतांच्या कचेरीत मुलाखत देऊन झालेली, कुणाच्या चिठ्ठीनं नव्हे. मी अर्ज भरला तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला होता, कारण घरात पोलीस पाटील असली की बरं असतं, असा आमच्याकडे समज. पुतण्यानंच पेढे वाटले होते. काकी पाटील झाली, आता आपल्याला कोण विचारतंय! त्याला मी लहानपणी मांडीवर घेऊन भात भरवलाय. त्याची आई शेतात जायची आणि हा माझ्या पदराला. त्या सकाळी मी मध्ये जाऊन उभी राहिले तेव्हा त्यानं दांडा खाली घेतला खरा, पण माझ्याकडे बघून हसला. "काकी, तुमी घरात जावा. तुमाला कायबी दिसलं न्हाई."

मी त्याच्यासमोरच ठाण्याला फोन लावला.

जखमीला दुधाच्याच टेम्पोत घातलं. नसरापूरवरून कापूरहोळ, तिथून भोर. रस्त्यात खड्डा आला की तो डोळे पांढरे करायचा. गुडघ्याचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं आणि बायकोनं त्यावर पदर धरला होता, तो हिरवा पदर काळा झाला. हाडांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, पाय राहील, पण वाकणार नाही. भातशेतकऱ्याचा गुडघा वाकणार नाही म्हणजे काय, ते ज्यांनी चिखलात वाकून लावणी केली आहे त्यांनाच कळेल. त्याची बायको एकच गोष्ट म्हणत होती. "पाटीलताई, ह्यो जर मोकळा ऱ्हायला, तर पुढच्या टायमाला डोकं फोडंल. माझा माणूस वाचायचा न्हाई."

ठाण्यात तरुण फौजदार होता. नवीनच, इस्त्रीचे कपडे, बोलणं नीट. तो स्वतः लिहायला बसला आणि मी सांगत गेले. मारणाऱ्याचं नाव आलं, पुतण्या म्हणून नातं आलं, तेव्हा त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, हा माणूस बरा आहे. तेवढ्यात फोन वाजला. फौजदार उठून बाहेर गेला. आत आला तेव्हा चेहरा उतरलेला. पेन टेबलावर होतं ते त्यानं हातात घेतलंच नाही.

"बाई, वरून फोन आहे."

"वरून म्हंजी कुठून? तुमच्या साहेबांचा?"

"साहेबांनाही ज्यांचा येतो, त्यांचा." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्याच घरातलं आहे. गावात बसून मिटवा. तोवर मी साधी नोंद घेतो. ढकलाढकलीत पडला म्हणून."

"ढकलल्यावर हाड भाईर येतं का सायेब?"

त्यानं टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. त्याला लाज वाटत होती, हे दिसत होतं. त्या लाजेचा मला जास्तच राग आला. निर्लज्ज माणसाशी भांडता येतं. लाजणाऱ्याशी कसं भांडायचं?

घरी आले तर नवऱ्यानं मुस्काटात मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मग स्वतःच खाटेवर बसून म्हणाला, "भाऊ मेला तवा त्याचं पोर माझ्या पदरात टाकून गेला. म्या काय तोंड दाखवू?" मी गालाला हात लावून स्वयंपाकाला लागले. भांडी मात्र इतकी आपटली की पलीकडच्या आळीत ऐकू गेली असतील. त्याच संध्याकाळी दिवेलागणीला जखमीच्या दारातली पेंढ्याची गंज पेटली. गोठा वाचला, पण म्हशीची पाठ होरपळली. ती रात्रभर आरडत होती. विझवायला गाव आलं; ती लावली कुणी, हे विचारायला कोणी आलं नाही.

रविवारी बैठक ठरली. खंडोबाच्या देवळात, पुढाऱ्याच्या समोर.

आमच्याकडे मिटवणं म्हणजे भंडारा उचलणं. देवापुढच्या ताटलीत हळदीचा भंडारा असतो, वर बेलाचं पान. ते मुठीत घेऊन जे बोलायचं ते शेवटचं. खोटं बोलला त्याचा वंश बुडतो. कोर्टात हात वर करून धडाधडा खोटं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. भंडाऱ्यापुढं त्याच माणसांच्या हाताला कंप सुटतो. हे पुढाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. निवडणुकीत आळीच्या आळी देवळात नेतात आणि भंडारा उचलायला लावतात, मग मतपेटीत डोकवायची गरजच नाही. ह्या वेळीही तेच करायचं होतं. जखमीच्या बायकोनं उचलायचा, की भांडण मिटलं, आम्ही ठाण्याची पायरी चढणार नाही. टेम्पोची वाट बघत उभे होते त्यांनी उचलायचा, की आम्ही काही पाहिलं नाही. एकदा उचलला की पुढं ब्रह्मदेव जरी तपासाला आला तरी गावातून एक शब्द निघाला नसता.

पांढरी गाडी आली. पुढारी उतरला, देवाला हात जोडले, बायकांची विचारपूस केली, कुणाच्या तरी लेकराच्या गालाला हात लावला. बंदोबस्ताला म्हणून ठाण्यातला एक हवालदारही आला होता, तोही पुढाऱ्याच्या मागच्या गाडीतून.

"वहिनी," पुढारी मला म्हणाला, "तुम्ही हुशार आहात. घर फुटू देऊ नका. पोरगं चुकलं असेल, तापट आहे. आपण सगळे एकाच कुटुंबातले."

"मग त्या माणसाच्या गुडघ्याला पण कुटुंबात घ्या की," मी म्हणाले. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

ताटली जखमीच्या बायकोपुढं आली. तिचा हात पुढं जाईना आणि मागंही येईना. ती उचलणार होती. जळलेली गंज, होरपळलेली म्हैस, घरात दोन लेकरं; कुणीही उचलला असता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ताटली तिच्यापुढून ओढून घेतली आणि पुतण्यापुढं ठेवली.

"आधी ह्यानं उचलावा. म्या मारलं न्हाई, म्हून म्हणावं. मग बाकीचे उचलतील. त्येंच्यात पयली म्याच उचलंन."

आता जे झालं त्यात चूक पुढाऱ्याची. तो शहरात वाढलेला, गाडीतून येणारा. भंडारा म्हणजे त्याच्या लेखी माणसं बांधून ठेवायची दोरी; ती आपल्या माणसालाही भिववते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं, बाई आयतीच सापडली. तो हसून पुतण्याला म्हणाला, "उचल की रे. मिटवून टाक एकदाचं."

पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण मालकानं सांगितलंय. त्यानं हात पुढं केला. बोटं बेलाच्या पानाला लागली असतील नसतील, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माझी थोरली जाऊ धडपडत आली आणि त्याच्या मनगटाला लोंबकळली.

"उचलू नगंस! उचलू नगंस रं, मारलंयस तू! म्या बघितलंय, मारलंयस! वंश बुडंल माझा!"

साऱ्या गावासमोर. पुढाऱ्यासमोर. हवालदारासमोर. जाऊ पोराला वाचवत होती, दुसरं काही नाही. कोर्ट, कलम, तुरुंग हे तिच्या डोक्यातही नव्हतं. तिला फक्त देव दिसत होता. आणि देवाला कुणाचा फोन जात नाही.

पुतण्यानं आईला झटकलं, ती खांबावर आपटली. मग त्यानं ताटली उचलली आणि सरळ माझ्या तोंडावर फेकली. पितळेची कड भुवईवर बसली. डोळ्यात हळद, हळदीवर रक्त. मला काही दिसेना. खाली पडले तर कमरेत लाथ. "काकी म्हून सोडलं तुला! काकी म्हून!" एक लाथ बरगडीत, एक पाठीत. मी हातांनी डोकं झाकून घेतलं होतं, आणि तशातही मला ऐकू आलं, पुढारी हवालदाराला शांतपणे सांगत होता, "घरगुती मामला आहे. तुम्ही निघा." हवालदार निघालाही.

लाथा थांबल्या त्या नवऱ्यामुळं. त्यानं पुतण्याला मागून कवेत धरून ओढलं, दोघं देवळाच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. मग नवरा उठून आत आला, माझ्या चपला शोधून आणल्या, मोटारसायकल चालू केली आणि म्हणाला, "बस." त्याचाही ओठ फाटला होता.

फौजदारानं मला बघितलं आणि तो उभाच राहिला. हळद आणि रक्त वाळून माझा चेहरा कसा दिसत असेल, मला माहीत नाही. मी म्हणाले, "ह्या टायमाला ढकलाढकलीत पडले न्हाई. लिहा."

फोन वाजला. ह्या वेळी तो बाहेर गेला नाही. माझ्यासमोरच उचलला.

"होय साहेब... नाही साहेब... साहेब, ती पोलीस पाटील आहे. सरकारी नेमणूक आहे... साहेब, त्याच्या आईनंच सगळ्यांसमोर सांगितलंय." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. शिव्या असाव्यात, कारण फौजदाराचे कान लाल झाले. शेवटी तो म्हणाला, "मग माझी बदली करा साहेब," आणि फोन ठेवला.

त्यानं माझी फिर्याद लिहिली, आणि तिच्या आधी गुडघ्याची. दवाखान्यात माणूस पाठवून जखमीचा जबाब घेतला. तिसऱ्या प्रहरी पुतण्याला गाडीत घातलं. टेम्पोची वाट बघणाऱ्यांपैकीही काहीजण आले, खाली मान घालून सांगून गेले. भंडारा उचललाच गेला नव्हता, तेव्हा त्यांची जीभ मोकळी होती.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. पण मी चिडलेलीच होते. लोक म्हणत होते, खंडोबा पावला. अरे, खंडोबाला कशाला मध्ये आणता? गुडघा भर उन्हात, गावासमोर फुटला होता. कायदा त्या दिवशीही होता. फौजदार होता, पेन होतं, मी सांगत होते, तो लिहीत होता. एका फोननं ते पेन खाली ठेवायला लावलं, आणि ते पुन्हा उचलायला एका आईची भीती लागली, माझी भुवई लागली. एवढं सगळं दर वेळी लागणार असेल, तर ज्याच्या मागं असली आई नाही आणि गावात असली भांडखोर पोलीस पाटील नाही, त्यानं काय करायचं? त्यानं मार खायचा आणि पडलो म्हणायचं?

फौजदाराची बदली झाली. मागितली होती तशी मिळाली, फक्त लांबची. जाताना तो गावात आला नाही. त्याचं नाव इथं लिहावंसं फार वाटतंय, पण ठरवलंय तर ठरवलंय.

पुतण्या जामिनावर सुटला. जेसीबी डोंगरावरून गेला, हे खरं. जखमी आता काठी घेऊन बांधावर बसतो आणि बायको लावणी करते. तो वरून हाका मारून ओळ सरळ करायला सांगतो आणि ती वैतागते. पुढारी येतो-जातो. मला दिसला की "काय वहिनी" म्हणतो.

जाऊ आमच्या भिंतीपलीकडे राहते, सुटून आलेल्या पोरासोबत. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. माझ्यामुळं तिच्या तोंडून ते निघालं, असं तिचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. भिंतीपलीकडून आवाज यायचे. भांडं आदळल्याचे, मग तिचा आवाज, मग काहीच नाही. मी दार ठोठावलं की ती आतून म्हणायची, "काय न्हाई, पडले."

परवा ती स्वतःच आली. उजवा हात डाव्या हातानं धरून, मनगट सुजून हे एवढं झालेलं. ज्या हातानं तिनं पोराला देवळात धरलं, तोच हात त्यानं उंबऱ्यावर ठेवून मोडला होता. ती रडत नव्हती. माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "चल. मला ठाण्यात ने."

"आक्का, आधी दवाखाना."

"आधी ठाणं."

ठाण्यात आता नवीन फौजदार आहे. वयानं मोठा, पोट सुटलेला, बोलायला गोड. त्यानं जावेचा हात बघितला, आडनाव विचारलं, आणि खुर्चीत मागं रेलला. सगळं त्याच्या कानावर आलेलं दिसत होतं.

"आजी, पोटचं पोरगं आहे," तो म्हणाला. "इथं कशाला आणता घरातलं? तुमच्या गावात तर छान पद्धत आहे म्हणे. देवळात बसा. तिथं खरं आपोआप बाहेर येतं, असं ऐकलंय मी."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जावेनं डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. मला गप्प केलं तिनं, मला!

"देवळात म्या एकदा खरं बोलले, सायेब," ती म्हणाली. "त्येच्यापायी माझा हात मोडला. आता हितं बोलू द्या."

फौजदारानं टेबलावरच्या फोनकडे बघितलं. फोन वाजत नव्हता. तो तरीही थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिला. आम्ही दोघीही बघत राहिलो. जाऊ मोडका हात मांडीवर घेऊन ताठ बसली होती.

मग त्यानं कागद पुढं ओढला आणि म्हणाला, "सांगा."